डॉ. भाऊ दाजी लाड

कल्याण स्थानक सोडून लोहमार्ग पुण्याच्या दिशेने वळला, की विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके एकामागून एक लागतात. त्यांपैकी अंबरनाथास गावाच्या पूर्वेला, वालधुनी नदीच्या काठी, काळ्या दगडाचे एक प्राचीन शिवमंदिर आहे. मंदिराचे शिखर आज अपुरे दिसते. परंतु भिंतींवरील हत्तींच्या रांगा, देवदेवतांच्या मूर्ती आणि मंडपातील कोरीव खांब पाहताना पाहणाऱ्याचे पाऊल तेथेच खिळून राहते. सभामंडपातून काही पायऱ्या खाली उतरल्यावर गाभारा लागतो. उत्तरेकडील दाराच्या वरच्या दगडी तुळईवर, आतल्या बाजूस, काही ओळी कोरलेल्या आहेत. पूजेस येणाऱ्या पिढ्यान् पिढ्या त्या ओळींखालून ये-जा करीत राहिल्या. ती अक्षरे कोणत्या लिपीतील, ती कोणी कोरविली, त्यांत काय सांगितले आहे, हे कोणालाही ठाऊक नव्हते. त्या ओळी वाचून हे देऊळ किती जुने आहे हे सांगण्याचा पहिला प्रयत्न ज्या पुरुषाने केला, त्याचेच नाव आज मुंबईतील भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला दिलेले आहे. ते गृहस्थ म्हणजे डॉ. भाऊ दाजी लाड.

त्यांचे मूळ नाव रामकृष्ण. वडिलांचे नाव विठ्ठल, पण त्यांना सारे दाजी म्हणत. आणि रामकृष्णाला घरात भाऊ म्हणत. ही घरातलीच दोन नावे एकत्र येऊन भाऊ दाजी हे नाव जगापुढे गेले. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात गोव्यातील मांद्रे या गावी एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. लहानपणीच ते बुद्धिबळात मोठे तरबेज होते. असे सांगतात, की त्यांचा खेळ पाहून एका इंग्रज गृहस्थाने दाजींना सल्ला दिला, या मुलाला इंग्रजी शिकवा, त्याची बुद्धी वाया घालवू नका. दाजी मुलाला घेऊन मुंबईस आले. गरिबाघरचे ते पोर एल्फिन्स्टन संस्थेत शिकू लागले, बक्षिसे मिळवू लागले, आणि पुढे त्याच संस्थेत शिकवूही लागले.

त्या काळी काठेवाड आणि कच्छ या भागांतील काही घराण्यांत मुलगी जन्मली की तिला जगू न देण्याची भयंकर चाल होती. या चालीविरुद्ध निबंध लिहिण्यासाठी सरकारने बक्षीस जाहीर केले. ते भाऊंनी जिंकले, आणि त्यांचा निबंध १८४७ मध्ये छापून प्रसिद्ध झाला. निबंध लिहून बक्षीस घ्यावे आणि विसरून जावे, अशांतले ते नव्हते. पुढे मुंबईत मुलींच्या शाळा निघाल्या तेव्हा त्यांना त्यांनी पदरचे पैसे दिले, आणि मुलींनी शिकू नये म्हणणाऱ्यांचा रोषही सोसला.

१८४५ मध्ये मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. भाऊंनी शिक्षकाची जागा सोडली आणि तेथे नाव घातले. १८५१ मध्ये या महाविद्यालयाची पहिली तुकडी पदवी घेऊन बाहेर पडली, तीत भाऊ होते. चाकरी पत्करली असती तर त्यांचा संसार सुखाने चालला असता. पण त्यांनी स्वतंत्रपणे रोग्यांना तपासण्यास सुरुवात केली. थोड्याच दिवसांत त्यांची कीर्ती साऱ्या मुंबईत पसरली. त्यांचे धाकटे भाऊ नारायण दाजी हेही डॉक्टर झाले, आणि दोघा भावांनी गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. महारोगासारखा रोग झालेल्या माणसाला त्या काळी घरातले लोकसुद्धा जवळ येऊ देत नसत. अशा रोग्यांना भाऊ स्वतः तपासत. जुन्या संस्कृत वैद्यकग्रंथांत शोधून त्यांनी कडू कवठीच्या बियांच्या तेलाचा उपचार चालविला, आणि त्यावर ते आयुष्याच्या अखेरपर्यंत प्रयोग करीत होते.

येथवरची हकीकत एका कर्तबगार डॉक्टराची झाली. तेवढ्यावरही एखाद्याचे चरित्र संपले असते. परंतु रोग्यांची रीघ सरल्यावर भाऊंचा दुसरा दिवस सुरू होई. जुनी नाणी, ताम्रपट, हस्तलिखिते आणि शिलालेख यांचा त्यांना विलक्षण नाद होता. डॉक्टरीत मिळालेला पैसा ते या कामी हात राखून न ठेवता खर्च करीत. आपल्या देशाचा जुना इतिहास परकीयांनी लिहावा आणि आपण तो मुकाट्याने वाचावा, ही गोष्ट त्यांना मानवत नव्हती. आपला इतिहास आपणच शोधून काढला पाहिजे आणि तोही पुराव्यानिशी, असा त्यांचा बाणा होता. त्यांनी अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख वाचले, गिरनारजवळच्या खडकावरील रुद्रदामन राजाचा लेख अभ्यासला, कालिदासाच्या काळाविषयी निबंध लिहिला. लेण्यांमधील लेखांत जे प्राचीन अंक आढळतात त्यांचा उलगडा करण्यासही ते झटले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत त्यांचे निबंध वाचले जात, तेव्हा युरोपातील विद्वानही त्यांची दखल घेत.

शिलालेख वाचणे हे काम वाटते तितके सोपे नसते. हजार वर्षे ऊन, पाऊस आणि वारा खाऊन अक्षरांच्या कडा झिजलेल्या असतात. कोठे शेवाळ साचलेले असते, कोठे तेल-शेंदराचे थर चढलेले असतात, कोठे दगडाचा कपचाच उडालेला असतो. आधी दगड स्वच्छ करावा लागतो. मग ओला कागद त्यावर पसरून तो ब्रशाने हळूहळू ठोकून अक्षरांच्या खोबणीत बसवितात, आणि वाळल्यावर त्याचा ठसा उतरतो. तो ठसा समोर ठेवून एकेक अक्षर जुन्या लिपीतील ज्ञात अक्षरांशी ताडून पाहावे लागते. एखादी रेघ अक्षराची आहे की दगडाला गेलेली चीर आहे, एवढे ठरविण्यातच दिवस जातात. पुष्कळदा अंधाऱ्या लेण्यात दिवा धरून, शिडीवर उभे राहून, नुसत्या डोळ्यांनी पाहून नक्कल करावी लागे. मुंबईतील रोगी सोडून भाऊंना प्रत्येक ठिकाणी जाता येणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी १८६१ च्या सुमारास जुनागढच्या एका तरुणाला आपल्याकडे बोलावून घेतले. त्याचे नाव भगवानलाल इंद्रजी.

भगवानलालांचे शिक्षण देशी शाळेत झालेले, इंग्रजीचा गंध बेताचाच. परंतु गिरनारचे लेख पाहत ते लहानाचे मोठे झाले होते. जुनी अक्षरे ओळखण्यात त्यांचा डोळा फार तीक्ष्ण होता. भाऊंनी त्यांच्या पदव्या विचारल्या नाहीत. त्यांचा डोळा पाहिला आणि त्यांना कामास लावले. भाऊंच्या खर्चाने भगवानलालांनी देशभर प्रवास केला, डोंगर आणि रानेवने तुडविली, शेकडो लेखांच्या नकला आणल्या. संध्याकाळी दोघे समोरासमोर बसत आणि अक्षराअक्षरावर खल चाले. या दोघांचे नाते धनी आणि नोकर यांचे होते, असे वरवर म्हणता येईल. पुढे जे घडले ते पाहता ते गुरू-शिष्याचे होते, असेच म्हणावे लागते.

आता वस्तुसंग्रहालयाची हकीकत. मुंबईत असे काही असावे ही कल्पना नवी नव्हती. १८५० नंतरच्या काही वर्षांत किल्ल्यातील एका लष्करी बराकीत सरकारने एक लहानसा संग्रह मांडण्यास सुरुवात केली होती. मुंबई इलाख्यात पिकणारी धान्ये, रानांतील लाकडे, तेलबिया, धातू, कापड, भांडी आणि कारागिरीचे नमुने असा तो संग्रह होता. १८५७ चा उठाव झाला, बराक सैन्यासाठी हवी झाली, आणि सगळा संग्रह घाईघाईने बाहेर काढण्यात आला. त्यातील पुष्कळ वस्तूंचा नाश झाला. जे वाचले ते गोळा करून सांभाळण्याचे काम डॉ. जॉर्ज बर्डवुड नावाच्या इंग्रज डॉक्टरांकडे आले. त्यांना आपल्या देशी कारागिरीचे मनापासून वेड होते.

१८५८ मध्ये राज्यकारभार इंग्लंडच्या राणीकडे गेला. त्या निमित्ताने मुंबईच्या नागरिकांची सभा भरली, आणि राणीच्या नावाने एक वस्तुसंग्रहालय उभारावे असे ठरले. निमित्त राणीचे होते. पण घडणार होते ते मुंबईच्या लोकांसाठी. हे साधून घेण्यात त्या पिढीच्या पुढाऱ्यांचे चातुर्य दिसते. शहरातील सर्वमान्य पुढारी जगन्नाथ शंकरशेट या कामी अग्रभागी होते, आणि चिटणिसाचे काम बर्डवुड आणि भाऊ दाजी यांनी मिळून पत्करले. चिटणीस म्हणजे दारोदार जाऊन वर्गणी मागणारा माणूस! आणि भाऊंना तर शहरातील प्रत्येक वाड्याचा उंबरठा ओळखीचा होता. कोठे ते आजार्‍याला तपासण्यास गेलेले असत, कोठे सभेच्या कामासाठी. हिंदू, पारशी, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती अशा सर्वांकडून पैसा जमला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते भायखळ्यास इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. त्याच वर्षी शेजारी मोठी बागही तयार होत होती. लोक तिला राणीचा बाग म्हणू लागले. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे त्या वेळीही काही जण विचारीत असत. शाळा काढाव्यात, विहिरी बांधाव्यात, हे समजण्यासारखे होते. जुनी भांडी आणि मूर्ती काचेच्या कपाटांत ठेवण्यासाठी लाखाच्या घरात पैसा कशाला? या प्रश्नाचे उत्तर तेव्हाच्या परिस्थितीत होते. त्या काळी शंभरांतील फार थोड्यांनाच वाचता येत असे. पुस्तकात कितीही उत्तम ज्ञान असले, तरी ज्याला अक्षरओळख नाही त्याला ते मुके. डोळे मात्र सर्वांना असतात. कुणबी आपल्या शेतात पिकणाऱ्या धान्याशेजारी दुसऱ्या मुलखातील धान्य ठेवलेले पाहील, कुंभार दुसऱ्या गावच्या घटाचा आकार न्याहाळील, सोनाराला शंभर वर्षांपूर्वीच्या कारागिराचा हात दिसेल. आणि बापाच्या बोटाला धरून आलेले मूल यांपैकी काय पाहून काय शिकेल, हे कोणीच आधी सांगू शकणार नाही. राजेरजवाड्यांकडे उत्तम वस्तूंचे संग्रह पूर्वीपासून होते. पण ते दिवाणखान्यात आणि जामदारखान्यात बंद असत. आता ते दार सर्वांसाठी उघडणार होते.

जुन्या वस्तूंवर त्या काळी कशी आपत्ती ओढवत असे, याचे एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. मुंबईजवळच्या घारापुरी बेटावर दगडाचा एक भला मोठा हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा असे नाव दिले. १८६४ मध्ये हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा बेत ठरला. यारीने त्याला उचलू लागले, तो यारीची बाहू मोडली आणि हत्ती खाली पडून त्याचे तुकडे झाले! तुकडे झाले म्हणूनच तो येथे राहिला, नाहीतर तो आज सातासमुद्रापलीकडे कोठेतरी उभा असता. त्या हत्तीचे पुढे काय झाले ते शेवटी येईल.

कोनशिला बसली तेव्हा मुंबईत पैशाचा पूर आला होता. अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले होते. तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. व्यापाऱ्यांनी नव्या नव्या कंपन्या काढल्या. ज्याच्यापाशी चार पैसे होते त्याने त्या कंपन्यांचे शेअर घेतले. १८६५ मध्ये युद्ध थांबले, कापसाचा भाव कोसळला, आणि पत्त्यांच्या बंगल्याप्रमाणे कंपन्या ढासळल्या. काल ज्यांच्या दारी गाड्या उभ्या होत्या ते आज दिवाळखोर झाले. भाऊंनाही या तडाख्यात मोठी ठोकर बसली. ज्या पैशावर त्यांचे शोधकार्य, दवाखाना आणि दानधर्म चालत होते, त्यातला बराचसा गेला. त्याच वर्षी जगन्नाथ शंकरशेट निवर्तले. संग्रहालयाचा वर्गणीचा ओघ आटला आणि अर्धवट भिंती तशाच उभ्या राहिल्या.

अशा वेळी पुष्कळ माणसे हात झटकून मोकळी होतात. भाऊंनी ना डॉक्टरी सोडली, ना संशोधन. कर्जाची चिंता डोक्यावर असताना भगवानलालांचे प्रवास चालूच राहिले. लोकांचा भाऊंवरील विश्वासही ढळला नव्हता. १८६९ आणि १८७१ अशी दोनदा त्यांना मुंबईचे शेरीफ नेमण्यात आले. संग्रहालयाच्या इमारतीचे उरलेले काम शेवटी सरकारने खर्च उचलून पुरे केले. बर्डवुड प्रकृती बिघडल्यामुळे १८६८ मध्ये इंग्लंडला परतले होते. २ मे १८७२ रोजी संग्रहालयाचे दार लोकांसाठी उघडले, तेव्हा प्रारंभी ज्या तिघांनी त्याची धुरा वाहिली होती, त्यांपैकी मुंबईत उरले होते ते एकटे भाऊच.

याच धकाधकीच्या वर्षांत अंबरनाथच्या शिलालेखाचे वाचन झाले. मुंबईपासून ठाण्यापर्यंत रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली; पुढल्या वर्षी ती कल्याणला पोहोचली आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून घाटाच्या पायथ्याकडे गेली. त्यामुळे रानात दडलेले हे देऊळ मुंबईकरांच्या टप्प्यात आले होते. आज जेथे उल्हासनगरची दाट वस्ती आहे तेथे तेव्हा शहर नव्हते. ते फाळणीनंतर, १९४९ मध्ये, सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिले. १८६८ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेतील मंडळी अंबरनाथला आली. त्यांनी देवळाची चित्रे काढली, आणि शिल्पांवरून साचे घेतले. सुमारे त्याच वेळी भाऊंनी दारावरचा लेख वाचून त्यावर निबंध लिहिला. कोकणात राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी राजाचे नाव त्या लेखात आहे. लेखात शक वर्ष आकड्यांत दिलेले आहे. भाऊंनी ते ७८२ असे वाचले. शकाच्या आकड्यात ७८ मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे भाऊंच्या वाचनाप्रमाणे हे देऊळ इ. स. ८६० मधले ठरले. अंबरनाथच्या देवळाला प्रथमच वय मिळाले.

संग्रहालय उघडले त्यानंतर भाऊ फार दिवस जगले नाहीत. अतिश्रमाने आणि चिंतेने त्यांचे शरीर खंगत गेले. भगवानलाल तेव्हा त्यांच्याच कामासाठी नेपाळपर्यंतच्या दूरच्या प्रवासाला गेलेले होते. मे १८७४ मध्ये भाऊंनी देह ठेवला. ते तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. त्यांच्या हस्तलिखितांचा मौल्यवान संग्रह पुढे एशियाटिक सोसायटीकडे आला, आणि तो तेथे त्यांच्या नावाने ओळखला जातो.

ज्याने भगवानलालांना घडविले तो गुरू गेला. काही वर्षांनी भगवानलालांनी अंबरनाथचा लेख पुन्हा तपासला. राजाचे नाव तेच होते, महिना श्रावण होता, तिथी शुद्ध नवमी होती. परंतु वर्षाचा पहिला आकडा त्यांना सात वाटेना. जुन्या वळणाचा तो आकडा नऊ होता. शक ७८२ नव्हे, ९८२, म्हणजे इ. स. १०६०. एका आकड्याने देऊळ दोनशे वर्षे अलीकडे आले! प्राचीन अंकांचा ज्यांनी इतका अभ्यास केला, त्या भाऊंनाच हा एक अंक चकवून गेला होता. मुम्मुणीचा थोरला भाऊ छित्तराज याचा शके ९४८ चा ताम्रपट भांडुपला सापडलेला आहे. त्याच्याशीही हे नवे वाचन नीट जुळते. थोरल्या भावाच्या दीडशे वर्षे आधी धाकटा भाऊ राज्य कसा करील?

आपल्या उपकारकर्त्याने छापलेले वाचन चुकीचे ठरविताना भगवानलालांना काय वाटले असेल, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ते गप्प राहिले असते तर कदाचित पुष्कळ वर्षे कोणाच्या लक्षातही आले नसते. त्यांनी खरा आकडा प्रसिद्ध केला. दगडावर काय कोरले आहे ते जसेच्या तसे पाहावे, मनात असेल ते त्यावर लादू नये, ही शिकवण त्यांना भाऊंच्याच घरी मिळालेली होती. आणि तिचा उपयोग त्यांनी भाऊंच्या वाचनावरही केला. गुरूच्या विद्येचा यापेक्षा अधिक मोठा मान कोणता असू शकेल? इ. स. १०६० हेच वर्ष आज सर्व अभ्यासक मान्य करतात.

भायखळ्याच्या संग्रहालयाने पुढे चांगले दिवस पाहिले आणि वाईटही. विसाव्या शतकाच्या आरंभी कलाशाळेच्या कारागिरांनी त्यासाठी मातीच्या सुंदर लहान मूर्ती आणि देखावे घडविले. कोणी चक्की दळत आहे, कोणी कापड विणत आहे, कोणी वाद्य वाजवीत आहे, कोणी खेळ मांडून बसला आहे. निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक आपापल्या पागोट्यांत आणि लुगड्यांत उभे आहेत. निरनिराळ्या गलबतांच्या प्रतिकृती आहेत. आपले आजे-पणजे कसे राहत होते ते ज्याला पाहावयाचे असेल त्याने या मूर्तींपुढे थोडा वेळ थांबावे. १९७५ मध्ये संग्रहालयाचे जुने राणीचे नाव बदलून त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले. मधल्या काळात मात्र इमारतीला ओल लागली, रंग उडाला, वस्तूंवर धूळ साचली. २००३ मध्ये महानगरपालिकेने इतर संस्थांच्या सहकार्याने तिचा जीर्णोद्धार हाती घेतला. लोखंडी खांब आणि कठडे, छतावरील सोनेरी नक्षी, लाकडी कपाटे ही सारी पूर्ववत करण्यात आली. या कामाला २००५ मध्ये युनेस्कोचा सन्मान मिळाला, आणि २००८ च्या प्रारंभी संग्रहालय पुन्हा लोकांसाठी उघडले.

बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगर येथून लोकलने निघालेल्या मुलांना भायखळा स्थानकावर उतरून पूर्वेच्या बाजूस थोडे चालत गेले, की राणीचा बाग लागतो. पुष्कळ मुले आधी प्राणी पाहावयास धावतात, आणि त्यात वावगे काही नाही. संग्रहालय बुधवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. एकाच दिवसात सारी कपाटे पाहून टाकण्याची घाई करू नये. ज्या एका वस्तूपाशी पाऊल थबकेल तिच्यापाशीच थांबावे, तिच्याखालची पाटी वाचावी, ती कशाची केली आहे, कोणी केली असेल आणि कशासाठी, हे बरोबरच्या मोठ्या माणसांना विचारावे. मोठ्यांना उत्तर आले नाही तर दोघांनी मिळून पुन्हा पाहावे.

आणि बाहेर, इमारतीच्या शेजारी, झाडांच्या सावलीत घारापुरीचा तो हत्ती उभा आहे. त्याचे तुकडे येथे आणण्यात आले, आणि १९१४ मध्ये ते सांधून त्याला पुन्हा चार पायांवर उभे करण्यात आले. कोणता तुकडा कोठे बसविला, हे त्याच्या अंगावरील सांध्यांवरून ओळखता येते.